‘क्वार्कस असताना स्प्रिंग बूट कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: होमस्टे बुकिंगच्या अॅपसाठी मी स्प्रिंग बूट (जावात सर्व्हर अॅप लिहिण्याचं फ्रेमवर्क, म्हणजे तयार सांगाडा) सुचवलं ते निव्वळ सवयीपोटी. क्वार्कस हे त्याचं प्रतिस्पर्धी फ्रेमवर्क नेटिव्ह मोडमध्ये (प्रोग्रॅम आधीच थेट मशीन कोडमध्ये बदलून) डोळ्याची पापणी लवण्याआधी उठतं, मेमरी कमी खातं, मग बूट ज्यावर उभं आहे ते २००४ सालचं स्प्रिंग किती दिवस कुरवाळायचं?

वेगाचं म्हणणं खरं आहे. स्प्रिंग सुरू होताना क्लासपाथ (प्रोग्रॅमच्या फायलींच्या जागा) धुंडाळतं, रिफ्लेक्शनने (चालता चालता कोड तपासून) बीन्स, म्हणजे अॅपचे सुटे भाग, उभे करतं. क्वार्कस आणि त्याच्यासारखंच मायक्रोनॉट यातलं बरंचसं काम बिल्डच्या वेळीच (प्रोग्रॅम बांधतानाच) उरकतात, त्यामुळे साध्या जेव्हीएमवरही (जावा चालवणाऱ्या नेहमीच्या यंत्रणेवरही) त्यांची मेमरी वाचते. लॅम्डावर (अॅमेझॉनची, मागणी आली की तेवढ्यापुरता कोड चालवणारी सेवा) काही चालवायचं असतं तर मीही क्वार्कसच घेतलं असतं. पण गोव्यात पर्वरीतल्या चार माणसांच्या ऑफिसातून चालणारं बुकिंग अॅप एकदा डिप्लॉय झालं की पुढच्या रिलीजपर्यंत बंद होत नाही. ते पाच सेकंदांत उठलं काय नि अर्ध्या सेकंदात उठलं काय! उलट नेटिव्ह बिल्ड मिनिटं आणि गिगाबाइट्स खातो, आणि जिट (चालता चालता कोड वेगवान करणारा कंपायलर) नसल्यामुळे सतत चालणाऱ्या सर्व्हरवर थ्रूपुट, म्हणजे ठरावीक वेळात होणारं काम, बहुधा जेव्हीएमच्या मागेच राहतं.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अशी अॅप्स गुदमरतात ती वेगळ्याच जागी. स्प्रिंग बूटमध्ये हिकारी पूलची (डेटाबेसला जोडणाऱ्या तयार कनेक्शनच्या साठ्याची) मर्यादा मुळात १० कनेक्शनची. त्यात ओपन-इन-व्ह्यू हे सेटिंग आपोआप चालू असतं (सुरू होताना लॉगमध्ये तशी वॉर्निंग येते, वाचतो कोण?), म्हणजे पहिल्या क्वेरीला घेतलेलं कनेक्शन रिक्वेस्ट संपेपर्यंत अडकून राहतं. मध्येच पेमेंट गेटवेला कॉल केला आणि तो आठ सेकंद रेंगाळला, तर दहा पाहुणे मिळून अख्खा पूल धरून बसतात. अकरावा तोवर ताटकळतो, आणि रांग लांबून ज्याला ३० सेकंदांत कनेक्शन मिळत नाही तो एरर खातो. जावा २१चे व्हर्च्युअल थ्रेड्स (एकाच वेळी खूप रिक्वेस्ट हाताळू देणारे हलके धागे) लावले तर थांबणारे वाढतात, कनेक्शन दहाच. आणि ट्रान्झॅक्शनच्या (डेटाबेसमधलं एकसंध काम, ते संपेपर्यंत कनेक्शन धरलेलं असतं) आत गेटवेला कॉल केलात तर क्वार्कसमध्येही हेच होणार, पूल मोठा असला तरी.

‘बूट ३ने सगळे इम्पोर्ट (कोडच्या सुरुवातीच्या, लायब्ररींची नावं घेणाऱ्या ओळी) बदलायला लावले’ हा तुमचा राग मात्र चुकीच्या दारात काढलात. ओरॅकलने त्या लायब्ररींचं जावाएक्स हे जुनं नाव वापरू दिलं नाही म्हणून जकार्ता हे नवं नाव आलं; २०२३मध्ये क्वार्कस ३लाही तोच बदल करावा लागला.

माझ्या शिफारशीमागे आणखी एक कारण होतं, ते सरळच सांगतो. गोव्यात तयार झालेला पोरगा दोन वर्षांत पुण्याला नाहीतर बंगळूरला जातो. त्याच्या जागी येणाऱ्याला स्प्रिंग येत असण्याची शक्यता जास्त. तुमची टीम टिकणारी असेल, जॅक्स-आरएस आणि सीडीआय (क्वार्कस वापरतं ती जावाची मानकं) हातातले असतील, तर खुशाल क्वार्कस घ्या. फक्त तो पेमेंटचा कॉल आधी ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढा.