जेसीबी यायचाच तर पहिल्या प्लॉटला यावा

दिवाळीचा फोन केला तर दादा मुरबाडकडच्या कारवाईवर तापलेला. शेतात खडीचे रस्ते टाकून गुंठ्या-गुंठ्याने विकलेली जमीन. महसूलवाल्यांनी जेसीबी लावून रस्ते आणि कुंपणं उखडली. "ठाण्यात फ्लॅट परवडत नाही, गुंठा घेतला तर तोही नको. गरिबाने जायचं कुठे?" मी कारवाईची बाजू घेतली. तो म्हणाला, "मेलबर्नमध्ये बसून तुला बोलायला काय जातं!" ते वाक्य अजून टोचतंय.

जातं, दादा. म्हणूनच बोलते.

मेलबर्नजवळ टारनीटला आम्ही प्लॉट घेतला तेव्हा सबडिव्हिजनचा, म्हणजे जमिनीचे प्लॉट पाडायचा, प्लॅन नोंदवलेला नव्हता. दहा टक्के डिपॉझिट ट्रस्ट खात्यात पडून राहिलं आणि टायटल निघेपर्यंत विकणाऱ्याला त्यातला एक डॉलर दिसला नाही. सेक्शन 32 मध्ये, म्हणजे विकणाऱ्याने आधी द्यायच्या माहितीच्या कागदात, गटाराची लाइन कुठून जाते तेसुद्धा होतं. तिथे कुंपण उखडायची वेळच येत नाही, कारण पैसा आधी अडवलेला असतो.

आपल्याकडे कायदा नाही असं कोण म्हणेल? शेतजमिनीचे छोटे तुकडे पाडू न देणारा तुकडेबंदी कायदा 1947 चा आहे. 2023 पासून ठाणे जिल्ह्यात बागायत 10 गुंठे आणि जिरायत 20 गुंठे, त्याखालचा तुकडा विकता येत नाही. मग दलाल एकाच सातबाऱ्यावर दहा जणांची सामाईक नावं चढवतो, नाहीतर नोटरीच्या कागदावर भागवतो. नकाशात रस्ता नाही, पाणी टँकरचं, पैसे मात्र पहिल्या दिवशी रोख. जेसीबी पोचतो तोवर तो पुढच्या गावात नवी खडी टाकत असतो. मोडतं ते घेणाऱ्याचं. पहिला प्लॉट विकला जातो त्या दिवशी तलाठी, सर्कल यांना रस्ता दिसत नाही का? दिसतो. माझा राग त्यावर आहे आणि दादाचाही खरं तर तिथेच असायला हवा.

आणि माफी! असे तुकडे नियमित करायला 2017 मध्ये बाजारभावाच्या 25 टक्के भरा म्हणाले, पुढे 5 टक्के, 2025 मध्ये तेही माफ. दलाल दर वेळी हेच सांगून विकतो: घ्या, होईल नियमित. परवानगीशिवाय काय उभं राहतं ते शीळ फाट्याने 4 एप्रिल 2013 ला पाहिलं. बेकायदा इमारत कोसळली, 74 माणसं गेली.

एवढं लिहिल्यावर हेही लिहायला हवं. टिटवाळ्याच्या पुढे बाबांचे दोन गुंठे आहेत. पैसे मीच पाठवले होते. बिगरशेती नाही, फेरफार नाही, नोटरीचा कागद आणि विकणाऱ्याची सही. बाबांनी तिथे हापूसची दोन कलमं लावली. ठाण्याला गेले की मी आधी तिथे जाते, पाणी घालते, परत फिरताना गेटला हात लावते. इथे काउन्सिलच्या हॉलमध्ये नागरिकत्वाची शपथ घेतली तेव्हा मनात त्याच गेटचा विचार होता. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर शेतजमीन विकत घेता येत नाही, म्हणून बाबांच्या नावावरचा तो कागद हेच माझं ठाणे जिल्ह्यात उरलेलं नाव.

माफीची बातमी आली त्या रात्री मी धाकट्या भावाला उठवलं आणि पहिला प्रश्न विचारला: आपले दोन गुंठे बसतात का रे त्यात?