कॅम्पात नाताळ बघायला जाणाऱ्यांसाठी सूचना

नाताळ ही ‘बघायची’ गोष्ट आहे, हे आधी पक्कं डोक्यात घ्या. गणपती बसवायचा असतो, दिवाळी करायची असते, नाताळ मात्र बघायचा असतो आणि तोही पुण्याच्या कॅम्पात जाऊन. करणारे करतात. ते कोण, कुठले, घरी काय करतात, याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही.

२५ डिसेंबर शनिवार-रविवारला लागून आला तर देव पावला म्हणायचं. कोणता, ते विचारू नये. गुरुवारी आला तर शुक्रवारी पोट बिघडवण्याची विद्या तुम्हाला शाळेपासून अवगत आहेच. तीन-चार दिवस मिळाले की पहिला झोपेत घालवा, शेवटचा सोमवारच्या धास्तीत. मधल्या एका दिवशी संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे अख्खं पुणे निघतं तेव्हाच, निघा.

गाडी चारचाकीच काढा. त्या दिवशी कॅम्पातली वाहतूक कशी वळवली आहे याची बातमी पोलीस दरवर्षी छापून आणतात. ती वाचायची नसते, कारण ती ‘इतरांसाठी’ असते. तरीही हाती लागलीच तर मोठ्यानं वाचून बघा, बहार आहे. वाय जंक्शनकडून येणाऱ्यांना १५ ऑगस्ट चौकातून कुरेशी मशिदीकडे, व्होल्गा चौकातून मोहम्मद रफी चौकाकडे बंदी, सरबतवाला चौकातून महावीर चौकाऐवजी ताबूत स्ट्रीटच्या बाजूला, शिवाय इस्कॉन मंदिर चौक आहेच. एक नाताळ गाठायला माणूस इतक्या धर्मांना वळसा घालतो! सर्वधर्मसमभाव आपल्याकडे कुणाला नेमका कळला असेल, तर तो वाहतूक शाखेला. तुम्हाला यातलं काही कळणार नाही. तुम्ही ‘अहो साहेब, पाचच मिनिटं’ म्हणत गाडीचं नाक बॅरिकेडला लावून उभे राहाल. शेवटी पूलगेटच्या अलीकडे कुठेतरी, दुसऱ्याच्या गाडीला चिकटवून, एक चाक फुटपाथवर चढवून गाडी लावाल आणि पुढचे दोन तास निम्मं लक्ष तिच्याकडे ठेवाल.

एम. जी. रोडला पोचलात की त्याला ‘मेन स्ट्रीट’ म्हणा. आपण जुने पुणेकर आहोत, हे सिद्ध करण्याचा हा सगळ्यांत स्वस्त मार्ग. ईस्ट स्ट्रीटला जनरल थिमय्या रोड म्हणणारा माणूस एकतर पोस्टमन असतो किंवा नवखा. १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर इंग्रजांनी इथे छावणी टाकली, म्हणून हा भाग लष्कर, म्हणून कॅम्प. ही माहिती बायकामुलांना गर्दीत ओरडून सांगा. कुणी ऐकणार नाही, पण आपलं कर्तव्य झालं.

आता टोपी. लाल टोपी घेतल्याशिवाय नाताळ लागू होत नाही. चौकात एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा हातभर काठीला टोप्यांचा घोस लटकवून उभा असतो. पांढरी गोंडेवाली टोपी, दिवे लुकलुकणारी टोपी आणि डोक्याला लावायची तपकिरी शिंगं. हाच मुलगा तुम्हाला १५ ऑगस्टला झेंडे विकतो आणि गणपतीत पिपाण्या. वर्षभराचे सगळे सण वेळेवर आणि निष्ठेनं पाळणारा हा आपल्यातला बहुधा एकमेव माणूस, तेव्हा त्याच्याशी घासाघीस केलीच पाहिजे. तो शंभरला दोन म्हणाला की तुम्ही शंभरला तीन म्हणा. तो नाही म्हणाला की चार पावलं पुढे जा आणि पाठीमागून हाक येते का, याकडे कान लावा. आली, की विजयी मुद्रेनं परता. मग तीच टोपी घालून समोरच्या हॉटेलात काही शे रुपयांची कॉफी प्या. टोपीतले दिवे घरी पोचेपर्यंत चालतील अशी अपेक्षा धरू नका.

पुढचा टप्पा फवाऱ्याचा. डब्यातून पांढरा फेस उडवतात, त्याला बर्फ म्हणायचं. पुण्यात डिसेंबरात थंडी असते, बर्फ नसतो, ही निसर्गाची त्रुटी तरुण पिढी अनोळखी मुलींच्या केसांत फेस सोडून भरून काढते. कुणी रागावलं तर ‘मेरी ख्रिसमस’ म्हणायचं. या दोन शब्दांत काय काय माफ होतं, हे बघून कबुलीजबाब ऐकणाऱ्या पाद्र्यांनाही हेवा वाटेल. पिपाणी मात्र नेमकी कानाजवळ वाजवा, लांबून ती परिणाम करत नाही.

केक घ्या. कयानी बेकरी १९५५ पासून ईस्ट स्ट्रीटवर आहे, आणि पुण्याबाहेरचा पाहुणा शनिवारवाडा चुकवेल पण तिथली श्रुसबरी बिस्किटं चुकवणार नाही. तुम्ही तर इथलेच, त्यामुळे तुम्हाला रांगेत उभं राहण्याचाही अनुभव आहे आणि रांग मोडण्याचाही. मनुका-बेदाण्यांचा काळपट प्लम केक घेताना ‘यात रम असते का हो?’ असं दबक्या आवाजात विचारा. ‘नाही’ म्हणाले तर चेहऱ्यावर जे समाधान दाखवाल, त्याच्यामागची निराशा लपवता आली पाहिजे. पुढचा प्रश्न ‘अंडं?’ याचं उत्तर ‘हो’ आलं तर आई-वडिलांसाठी घ्यायचा नाही. त्यांनी उद्या सकाळी फ्रिज उघडून स्वतःच्या हातानं खायचा आणि अंड्याचं आपल्याला कुणी बोललंच नाही म्हणायचं, ही रीत आहे.

इथे पुण्याचा थोडा इतिहास सांगणं भाग आहे, कारण बेकरीच्या रांगेत वेळ भरपूर असतो. १८९० च्या ऑक्टोबरात गुरुवार पेठेतल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये काही पुढारी मंडळी एका कार्यक्रमाला गेली. त्यात न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. कार्यक्रम झाल्यावर समोर चहा-बिस्किटं आली. काहींनी घेतली, काहींनी कप नुसता हातात धरला म्हणतात. हे जमवून आणणाऱ्या गोपाळराव जोश्यांनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापवून आणली आणि पुण्यात जे ग्रामण्य माजलं म्हणता! शंकराचार्यांपर्यंत फिर्याद, चौकशी, बहिष्काराची भाषा. रानड्यांनी पुढे प्रायश्चित्तही घेतलं. एक कप चहा! आज त्यांचेच वारस दीड तास उभे राहून दोन किलो केक नेतात आणि कुणाच्या पंचांगाचं पान हलत नाही. प्रगती झाली नाही, असं कोण म्हणेल? फरक इतकाच, की त्या मंडळींना निदान कुणीतरी बोलावलं होतं.

चर्च बघायचं असेल तर गर्दीचंच बघा. कॅम्पातलं सेंट मेरीज १८२५ मध्ये बिशप हीबरनं येऊन प्रतिष्ठापित केलं. दोनशे वर्षांची वास्तू आहे, झाडं आहेत, शांतता आहे. म्हणून तिकडे जाऊ नये, फोटोत मागे कुणी दिसत नाही. क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च त्याहून जुनं, १७९२ चं. त्याची जागा सवाई माधवराव पेशव्यांनी दिली, आपल्या फौजेतल्या ख्रिस्ती शिपायांना प्रार्थनेची सोय म्हणून. ही गोष्ट चुकूनही सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. तिथे पेशव्यांविषयी काय टाकायचं हे ठरलेलं असतं आणि ‘हे लोक बाहेरून आले’ हेही ठरलेलं असतं. दोन्ही ठरावांना एकाच मेसेजनं धक्का देणं बरं नव्हे.

आत शिरलात तर चपला बाहेर काढा. कुणी सांगितलेलं नसतं, आतले लोक बूट घालून बसलेले असतात, पण आपले संस्कार. मग साऱ्या प्रार्थनेत मान वळवून चपलांकडे बघत राहा. लोक उठून पुढे रांग लावू लागले की प्रसाद आहे समजून तुम्हीही लागा. पाद्रीबाबांना तुमच्या हाताची ठेवण बघूनच सगळं कळतं. ते भाकर न देता डोक्यावर हात ठेवतात आणि पुढच्याकडे वळतात. ‘आपल्याला का नाही दिलं?’ हा प्रश्न बायकोला जागेवर येऊन, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं विचारा. मिडनाइट मास गाठायचा असेल तर बाराला जा. रात्री दहानंतरच्या भोंग्याच्या नियमापायी बऱ्याच ठिकाणी तो आधीच उरकलेला असतो, म्हणजे तुम्हाला निवांत फोटो काढता येतील.

एका धोक्याची सूचना द्यायला हवी. काही चर्चमध्ये उपासना मराठीत चालते. तुम्ही इंग्रजी गाणी ऐकायच्या तयारीनं लाल टोपी घालून शिरता आणि आत पेटी-तबल्यावर, चांगल्या ठाय लयीत, रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं चाललेली असतात. ओव्या-अभंगांच्या वळणाची, अगदी आपल्या आजीनं म्हणावीत तशी. शेजारी काठापदराची साडी, कपाळावर टिकली, हातात हिरव्या बांगड्या. आडनाव विचारलंत तर शिंदे, साळवे, गायकवाड. अशा वेळी भांबावून जाऊ नका. ख्रिस्ती म्हटलं की डिसूझा नाहीतर फर्नांडिस, ही आपली समजूत कितीही पुरावे समोर आले तरी ढळू देऊ नका. आणि तो खास आपला प्रश्न जरूर विचारा: ‘पण तुम्ही आधीचे कोण?’ चार पिढ्या बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला हा प्रश्न विचारायला जो आत्मविश्वास लागतो, तो फक्त ज्याला स्वतःचं गोत्र पाठ आहे त्याच्याकडे असतो. त्यानंतर ‘म्हणजे घरी मराठीच बोलता?’ असं कौतुकानं म्हणायचं. बायबलचं मराठी भाषांतर करणाऱ्या पंडिता रमाबाई इथून जवळच, केडगावला होत्या, वगैरे ती माणसं सांगू लागली तर घड्याळ बघा.

सोसायटीत नाताळ साजरा करायचाच. वॉचमनला कापसाची दाढी लावा, स्पीकर लावा, मुलांना चॉकलेटं वाटा. दाढीवाल्या त्या मूळच्या निकोलसला संत म्हणतात, तेव्हा आपल्याकडे अडचण काहीच नाही, एक संत वाढला. सांताला आवारात पूर्ण मज्जाव नाही. फक्त त्याचं रेनडिअर शाकाहारी असलं पाहिजे, आणि तो तिसऱ्या मजल्यावरचा रिकामा फ्लॅट भाड्यानं मागायला आला तर ‘कमिटीत विषय ठेवतो’ म्हणायचं.

आता राहिलं, तुम्हाला जर खरोखरच कुणी नाताळाला घरी बोलावलं तर काय करायचं. हा प्रसंग माझ्यावर दरवर्षी येतो, म्हणून अनुभवानं सांगतो. आमच्या ऑफिसातल्या एक बाई क्वार्टर गेटच्या मागे राहतात. दोन खोल्या, दारावर कागदी चांदणी, आत बल्ब. गेल्या वर्षी २४ ला संध्याकाळी गाडी तिकडेच लावावी लागली, म्हणून डोकावलो. कोपऱ्यात पुठ्ठ्याचा गोठा केला होता, वर पेंढा, आत मातीची गाय, गाढव, मेंढपाळ, खाली परातीत चांगली बोटभर हिरवी नाचणी उगवलेली. नवरात्रात घटाला पेरतो तशीच, तोच तो पिवळट-पोपटी रंग. मी विचारलं, ‘घट उठवले नाहीत वाटतं अजून?’ त्या हसल्या. म्हणाल्या, पंधरा दिवस आधी पेरावी लागते, आईपासून चालत आलंय, हे गोठ्याबाहेरचं रान. मधली गव्हाण मात्र रिकामीच होती. मूर्ती हरवली की काय, असं विचारलं तर म्हणाल्या, ‘बारा वाजता ठेवायची. अजून जन्म व्हायचाय ना.’ आमच्याकडे रामनवमीला बाराआधी पाळण्यात कुणी काही ठेवू देत नाही, आई हातावर मारायची.

तर असं काही मनात येऊ लागलं की ताबडतोब उठायचं. त्या ‘बसा, चहा टाकते’ म्हणतील. आत स्टोव्हवर पातेलं चढल्याचा आवाजही येईल. तरी चपलेत पाय घालायचा, गाडी उचलून नेतील म्हणायचं, करंज्यांची पिशवी हातात देतील ती नको नको म्हणत घ्यायची आणि ‘पुढच्या वर्षी नक्की बसून चहा घेतो’ असं सांगून जिना उतरायचा. फार सोपं आहे. मी गेली अकरा वर्षं करतोय.