बसतंय ना, मग झालं!

लॅपटॉपचा चार्जर गेला आणि कंपनीच्या नव्या चार्जरची किंमत ऐकून मी पुण्यातली तापकीर गल्ली गाठली. इथवर कुणाचंही होतं. पुढचं मात्र अजून डोक्यातून जात नाही.

"६५ वॉटचा टाइप-सी चार्जर. लॅपटॉपसाठी. पीडी हवा." (पीडी म्हणजे पॉवर डिलिव्हरी, टाइप-सीतून जास्त वीज द्यायची पद्धत.)

काउंटरवरच्या पोराने मागे न बघता हात मागे घातला आणि एक पांढरं खोकं पुढ्यात आपटलं. "सगळ्याला चालतो."

"२० व्होल्ट देतो का?"

"सर, फास्ट आहे."

"फास्ट असेल रे, पण २० व्होल्ट?"

"सर, एकदम फास्ट आहे."

शेजारी मिक्सरचं कपलर घ्यायला आलेले एक काका होते. त्यांना घाई कसलीच नव्हती. "अहो, तुमच्या लॅपटॉपला भोक कुठलं?"

"टाइप-सी."

"आणि ह्याचं टोक?"

"टाइप-सीच."

"बसतंय ना? मग झालं!"

इथे मी गप्प बसायला हवं होतं, पण गप्प बसून ६५ वॉट मिळत नाहीत. मी समजावलं, की काका, चार्जर आधी नुसते ५ व्होल्ट देतो. मग आपल्याकडे काय काय आहे ते तो लॅपटॉपला सांगतो. ५, ९, १५, २०. लॅपटॉप त्यातलं हवं ते मागतो; माझा २० मागतो. बोलणं जमलं तरच पुढचा वीजपुरवठा.

"म्हणजे चार्जर बोलतो?"

"एका अर्थी, हो."

काकांनी पोराकडे पाहिलं. पोरगा म्हणाला, "बोलणारा मॉडेल नाही आपल्याकडे."

"आमच्या सोसायटीत वरचे खालच्यांशी चार वर्षं बोलत नाहीत," काका म्हणाले, "दिवे दोघांकडेही लागतात."

दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं आता माझ्याकडे बघत होती. त्यांना हसू आवरत नव्हतं, मला राग. मी खोकं उघडायला लावलं. चार्जरवर, पांढऱ्यावर फिकट करड्या रंगात, मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. वाचावीत असा छापणाऱ्याचा हेतूच नसावा. काकांनी खिशातून भिंग काढलं (हे मात्र मानलं) आणि खणखणीत आवाजात वाचन सुरू केलं: "पाच व्होल्ट, तीन ए. नऊ व्होल्ट, दोन पॉइंट दोन दोन ए. बारा व्होल्ट... संपलं."

"वीस नाही," मी म्हणालो.

"प्रिंटिंग मिस्टेक असेल," पोरगा म्हणाला.

पूर्वी एक बरं होतं. प्रत्येक लॅपटॉपची पिन वेगळी, कुणाची जाड, कुणाची बारीक; चुकीचा चार्जर बहुतेकदा आत शिरायचाच नाही. २०१४ साली टाइप-सी आलं ते सगळ्यांना एकच पिन म्हणून. आता सगळंच शिरतं. चालत नाही, ते घरी गेल्यावर कळतं. मोबाइलचा ८० वॉटचा चार्जरही आपल्या कंपनीच्या फोनलाच ८० देतो. परक्या लॅपटॉपसमोर बऱ्याचदा हात आखडता घेतो. युरोपात मोबाइलला २८ डिसेंबर २०२४ पासून टाइप-सी सक्तीचं झालं, लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली, आणि वस्तूच्या खोक्यावर तिला किती वॉट लागतात ते छापायचं बंधनही आलं. आपल्याकडे भिंगवाले काका भेटले तर नशीब.

दुसरं खोकं निघालं. ह्यावर २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर स्वच्छ होतं. गुणाकार ६५ वॉट. पण खाली आणखी एक ओळ: दोन्ही पोर्ट वापरले तर ४५ अधिक २०.

"भावाभावांत वाटण्या," काका म्हणाले. त्यांना आता रस वाटू लागला होता.

"केबल?"

"केबल वेगळी, सर."

"५ अँपिअरची दे. साधी केबल ३ अँपिअरची, तिच्यातून ६० वॉटच जातात. पाचवालीत चिप असते, ती चार्जरला सांगते की मला झेपेल."

काकांनी भिंग खाली ठेवलं. "केबलपण बोलते?"

दुकान हसलं. ह्यात विनोद माझा नव्हता, पैसे माझे होते. पाच वॉटच्या फरकासाठी चिपवाली केबल घ्या, नाहीतर ६५ लिहिलेलं घेऊन ६० वर भागवा. ह्या हिशेबाला हसायचं कसं ते मला अजून उमगलेलं नाही. पोराने सांगितलेली किंमत मुकाट्याने दिली.

बिलावर त्याने लिहिलं, 'मोबाइल चार्जर, १ नग'.

"अरे, लॅपटॉप चार्जर लिही. ६५ वॉट लिही."

"लॅपटॉप लिहिलं तर उद्या लॅपटॉप घेऊन भांडायला याल, सर."

"लिहू द्या हो काय लिहायचं ते," काका म्हणाले. "कागद थोडाच बोलतो?"