फेअरफील्ड पोर्टर जुन्या वळणाचा होता का?

नमस्कार. अमेरिकन चित्रकार फेअरफील्ड पोर्टरवरच्या माझ्या लेखावर आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की न्यूयॉर्कमध्ये पोलॉक आणि डी कूनिंगसारखे अमूर्त चित्रकार चित्रकला मुळापासून हलवत होते तेव्हा पोर्टर बायको, मुलं, जेवणाचं टेबल आणि समुद्राजवळचं घर रंगवत बसला, म्हणजे तो खात्यापित्या घरचा, जुन्या वळणाचा चित्रकार आणि मी त्याला उगाच मॉडर्निस्ट, म्हणजे आधुनिक वळणाचा, म्हणतोय.

खात्यापित्या घरचा होता, हे शंभर टक्के मान्य. वडिलांनी १९१२ मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यात अख्खं बेट विकत घेतलेलं, ग्रेट स्प्रूस हेड, आणि त्याची कितीतरी चित्रं तिथलीच आहेत. हे मी लेखात लिहायला हवं होतं, राहून गेलं. पण पैसा होता म्हणून सगळं पटापट झालं असंही नाही हो, न्यूयॉर्कच्या टिबोर दे नाज गॅलरीत १९५२ मध्ये पहिलं स्वतंत्र प्रदर्शन झालं तेव्हा तो पंचेचाळीस वर्षांचा होता!

जुन्या वळणाचा हे मात्र मला अजिबात पटत नाही. हा माणूस १९५१ पासून आर्ट न्यूज या कलाविषयक मासिकात समीक्षा लिहायचा, पुढे द नेशन या साप्ताहिकातही लिहिलं, रोज नवी अमूर्त चित्रं बघत होता, आणि डी कूनिंगला फारसं कोणी ओळखत नव्हतं तेव्हापासून त्याचं काम मानत होता. त्यानेच सांगितलेली आठवण आहे, डी कूनिंगच्या स्टुडिओत तेव्हाचा वजनदार कलासमीक्षक क्लेमंट ग्रीनबर्ग म्हणाला की आता माणसांची चित्रं काढता येणार नाहीत, आणि पोर्टरने ठरवलं की मग मी तेच करणार. ज्याला अमूर्त चित्रकला कळलीच नाही त्याचा हा निर्णय नाहीये, उलट ती आतून कळलेल्या माणसाचा आहे.

आणि १९३८ मध्ये शिकागोला त्याने बोनार आणि वुईयार या फ्रेंच चित्रकारांची चित्रं पाहिली, ती शेवटपर्यंत त्याच्यासोबत राहिली. घरातली खोली, खिडकीतून येणारा उजेड हा विषय तिथून आला, पण रंग लावायची मोकळीक बघा, ती डी कूनिंगच्या पिढीची आहे. चेहऱ्यावर नाकडोळे जेमतेम असतात, आणि सावली म्हणजे काळपट भाग नसून तोही एक स्वतंत्र रंगाचा तुकडाच असतो, शेजारच्या तुकड्याइतकाच महत्त्वाचा. विषय ओळखीचा असला की आपण हे बघायचंच विसरतो, माझंही आधी तेच व्हायचं.

एक विनंती करतो. त्याचं १९६६ चं 'द मिरर' मोठं करून बघा, मुलगी लिझी स्टुलावर बसलीय, मागे आरसा आणि आरशात तो स्वतः उभा. आधी मुलगी हाताने झाका आणि फक्त आरशाचा भाग बघा. मग त्याला जुन्या वळणाचं म्हणावंसं वाटलं तर नक्की लिहा, मी वाचेन.