तमिळ गाण्यातला दाभोळचा आवाज

इयत्ता पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून शिकवण्यावरून 2025 मध्ये महाराष्ट्रात जो वाद पेटला, त्याची धग सिंगापूरच्या आमच्या घरातही रोज जाणवत होती. 16 एप्रिलचा शासन निर्णय, 17 जूनचा सुधारित निर्णय आणि 29 जूनला दोन्ही रद्द केल्याची घोषणा, या प्रत्येक टप्प्यावर पुण्यातल्या माझ्या भावंडांत दोन तट पडत, आणि गंमत अशी की दोन्ही तटांच्या तोंडी उदाहरण एकच असे, ते म्हणजे तमिळ माणसाचे. 1968 पासून तमिळनाडू तमिळ आणि इंग्रजी या दोनच भाषांच्या धोरणावर ठाम आहे म्हणून एकाला तो आदर्श वाटे आणि नेमक्या त्याच कारणासाठी दुसऱ्याला तो हेकट वाटे. मी इतकी वर्षे तमिळ शेजाऱ्यांमध्ये राहते. मला मात्र या दोन्ही वर्णनांतला तमिळ माणूस ओळखीचा वाटेना. त्या दिवसांत मला सारखा आठवत होता तो राजीव मेनन यांचा ‘मिन्सार कनवु’ हा 1997 चा संगीतमय प्रेमपट.

कॉलेजात असताना मी तो ‘सपने’ या नावाने हिंदीत पाहिला होता. मूळ तमिळ चित्रपट इंग्रजी उपशीर्षकांसह पाहायला मिळाला तो इथे आल्यावर, आणि एका चित्रपटाच्या जागी आपण भलताच पाहिला होता की काय, असे वाटले. गोष्ट तशी साधी आहे. लंडनहून परतलेल्या थॉमसला नन, म्हणजे ख्रिस्ती जोगीण, व्हायला निघालेली प्रिया आवडते; तिचे मन वळवण्याची कामगिरी तो देवा नावाच्या केशकर्तनकारावर सोपवतो; देवा आणि प्रियाच एकमेकांच्या प्रेमात पडतात आणि शेवटी थॉमसच धर्मगुरू होतो. (परदेशातून परतलेल्या माणसाची पडद्यावर बहुधा अशीच सोय लावतात, हे मी इतक्या वर्षांत मुकाट्याने स्वीकारले आहे.) पण माझ्या भावंडांच्या वादाला या गोष्टीपेक्षा चित्रपट कसा घडला हेच अधिक लागू पडते.

ए. व्ही. एम. या मद्रासच्या जुन्या संस्थेने आपल्या पन्नाशीच्या निमित्ताने हा चित्रपट काढला. दिग्दर्शक मेनन मल्याळी, मूळचे छायालेखक; दिग्दर्शनाच्या या पहिल्याच प्रयत्नात त्यांनी कॅमेरा वेणू आणि रवी के. चंद्रन यांच्या हाती दिला. देवाच्या भूमिकेतला प्रभुदेवा म्हैसूरचा, प्रियाचे वडील झालेले गिरीश कर्नाड माथेरानला जन्मलेले आणि आपल्याला ‘उंबरठा’मुळे घरचेच वाटणारे, तर नायिका काजोल, म्हणजे तनुजाबाईंची लेक. एवढी सरमिसळ असूनही पडद्यावर जे ऐकू येते ते पक्के तमिळ आहे. काजोलला तमिळ येत नव्हते, म्हणून तिचे संवाद रेवती या अभिनेत्रीच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाले. ही रेवतीही पुन्हा कोचीची. बाहेरच्या माणसाला दार सताड उघडे ठेवायचे, मात्र ध्वनिमुद्रणाच्या खोलीत तडजोड करायची नाही, असा हा व्यवहार आहे. त्यात हेकटपणा मला दिसत नाही आणि आपल्याकडे ज्याला अस्मिता म्हणतात तीही दिसत नाही. दिसते ती कामाची शिस्त.

या चित्रपटाला चार राष्ट्रीय पुरस्कार मिळाले: संगीतासाठी ए. आर. रहमान, नृत्यदिग्दर्शनासाठी प्रभुदेवा, आणि गायनासाठी एस. पी. बालसुब्रह्मण्यम व चित्रा. यांतले बालसुब्रह्मण्यम तेलुगू, चित्रा मल्याळी, आणि दोघांनाही पुरस्कार मिळाला तो तमिळ गाण्यासाठी. पण मला त्याहून मोलाचे वाटते ते ज्याला गायनाचा पुरस्कार मिळाला नाही ते गाणे, ‘वेन्निलवे’. हरिहरन आणि साधना सरगम यांचे हे द्वंद्वगीत आहे. साधनाताई रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळच्या, मूळ आडनाव घाणेकर. पुढे 2002 मध्ये पडद्यावर आलेल्या ‘अळगी’ या चित्रपटातल्या तमिळ गाण्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हरिहरन तमिळ, कर्नाटक संगीताच्या घरात जन्मलेले आणि मुंबईत वाढलेले. त्यांना ‘जोगवा’तल्या ‘जीव रंगला’ या मराठी गाण्यासाठी तोच पुरस्कार मिळाला. एकाच गाण्यातले हे दोन आवाज एकमेकांच्या भाषेत जाऊन मानाचे ठरले. यांपैकी कोणावरही कसली सक्ती झाली नव्हती, हे खरे. तरीही एवढ्याच आधारावर ‘सक्ती नको, प्रेमाने शिका’ असा गोड निष्कर्ष काढायला मी तयार नाही, कारण त्या दोघांना दुसऱ्या भाषेत गावेसे वाटले ते तिथे गाण्याजोगे काम होते म्हणून, आणि ते काम दर्जेदार आहे की नाही हे त्या भाषेतलेच लोक ठरवत होते.

सिंगापूरमध्ये तमिळ ही चार अधिकृत भाषांपैकी एक आहे. चलनी नोटेवर देशाचे नाव तमिळ लिपीतही छापलेले असते. माझ्या भावाला याचे फार कौतुक वाटते. परंतु 2020 च्या जनगणनेत घरात मुख्यतः तमिळ बोलणाऱ्यांचे प्रमाण 2.5 टक्के निघाले, आणि दहा वर्षांपूर्वी ते 3.3 टक्के होते. राजमान्यता, शाळा, वर्तमानपत्र, वाहिनी हे सारे हाताशी असतानाही स्वयंपाकघरातली भाषा इंग्रजीकडे सरकते आहे. तेव्हा शासन निर्णयाने भाषा मरते किंवा तगते, हा दोन्ही तटांचा समान विश्वास मला इथून पाहताना भाबडा वाटतो. पहिलीच्या मुलांवर तिसरी भाषा लादणे चूकच होते आणि तो निर्णय मागे घेतला गेला याचा मला आनंद आहे. फक्त तो रद्द झाल्यामुळे मराठीच्या पदरात नेमके काय पडले, हे कोणी सांगत नाही. ‘मिन्सार कनवु’ तेलुगूत गेला, हिंदीत गेला. मराठीत तो आला नाही आणि आपल्याला त्याची उणीवही भासली नाही, कारण आपले काम जावेद अख्तर यांच्या हिंदी शब्दांवर भागले. तमिळनाडूला हिंदीची मध्यस्थी नको असते. आपल्याला ती चालते, इतकी चालते की ती मध्यस्थी आहे हेही ध्यानात येत नाही.

हे मी कुणाला हिणवण्यासाठी लिहीत नाही, कारण माझे घरही त्यातलेच आहे. इथल्या शाळांत मातृभाषा हा विषय असतो. भारतीय मुलांना त्यात तमिळखेरीज हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दू हे पर्याय आहेत. मराठी त्यांत नाही. म्हणून माझी मुलगी ‘मातृभाषा’ या रकान्यात हिंदी लिहून परीक्षेला बसते. परवा ‘वेन्निलवे’ लावले असताना तिने त्या शब्दाचा अर्थ विचारला, आणि माझ्या तोंडून चटकन ‘सपने’तल्या त्याच गाण्याचे हिंदी शब्द, ‘चंदा रे’, निघून गेले. ‘शुभ्र चंद्रा’ ही हाक मला शेजारच्या तमिळ आजींना विचारून, त्यांनी इंग्रजीत समजावल्यावर, मराठीत जुळवावी लागली.