बायॉन बघायचं तर पुलापलीकडून बघा

युरोपच्या टूरवाल्यांशी माझं जुनं भांडण आहे. फ्रान्सच्या नैर्ऋत्य टोकाला, स्पेनच्या सीमेलगत, बास्क प्रदेशात जायचं ठरलं की कार्यक्रमात बियारित्झचा समुद्रकिनारा असतो, सान सेबास्तियान असतं आणि मधल्या फटीत कुठेतरी ‘दुपारी बायॉन, दोन तास’. बस तटबंदीबाहेर थांबते. गाइड छत्री उंच धरून सगळ्यांना कॅथेड्रलपर्यंत चालवतो आणि मग चॉकलेटच्या दुकानांसमोर मोकळं सोडतो. मंडळी डबे भरून चॉकलेट घेतात आणि ‘छोटंसं आहे, पण गोड आहे’ असा शेरा मारून बसमध्ये बसतात.

माझं म्हणणं असं की बायॉनला अख्खा दिवस द्यावा, तो पायीच घालवावा, आणि सुरुवात कॅथेड्रलपासून अजिबात करू नये. ती स्टेशनपासून करावी.

रेल्वे स्टेशन अदूर नदीच्या उत्तर काठावर, सँतेस्प्री नावाच्या भागात आहे. पॅरिसहून टीजीव्ही या वेगवान रेल्वेने साधारण चार तास. उतरणारा प्रत्येक पर्यटक बॅग ओढत थेट पुलाकडे निघतो, कारण फोटोतलं बायॉन, ती दोन मनोऱ्यांची कॅथेड्रल, समोर पलीकडच्या काठावर दिसत असते. तिकडे लगेच जाऊ नका. आधी सँतेस्प्रीच्या गल्ल्यांतून फिरा. दिसायला विशेष काही नाही: केशकर्तनालयं, फोन दुरुस्तीची दुकानं, स्वस्त खानावळी, बाहेर खुर्च्या टाकून बसलेली म्हातारी माणसं. पण बायॉनची खरी गोष्ट इथेच सुरू होते. 1857 पर्यंत हा भाग बायॉनमध्ये नव्हताच; ते वेगळं गाव होतं, वेगळ्या जिल्ह्यातलं.

स्पेनने 1492 मध्ये ज्यूंना हाकललं, पोर्तुगालने पाचच वर्षांनी त्यांना बळजबरीने ख्रिस्ती केलं. मग या ‘नवख्रिस्तीं’च्या मागे इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडी शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, लागलं. त्यातली काही कुटुंबं सीमा ओलांडून इथे आली. हा धागा आपल्याकडेही पोहोचतो. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य त्यांच्यासारखाच ज्यू घराण्यातला. तो 1534 मध्ये गोव्यात आला, मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं, आणि भारतातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. त्याच्या मृत्यूनंतर त्याची बहीण जिवंत जाळली गेली, आणि 1580 मध्ये इन्क्विझिशनने त्याची हाडं उकरून तीही जाळली. कुणी अदूरच्या काठाला लागलं, कुणी मांडवीच्या. सँतेस्प्रीत आलेले त्यातल्या त्यात नशीबवान.

पण किती नशीबवान? त्यांना राहायची परवानगी नदीच्या अलीकडे. पलीकडे, बायॉनमध्ये, घर नाही, दुकान नाही, आणि सूर्य मावळायच्या आत पूल ओलांडून परत. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये कोकोपासून चॉकलेट बनवण्याची कला आणली ती याच लोकांनी. आपल्या पाट्यासारखा, पण मधोमध खोलगट असा दगड घेऊन ते सकाळी पलीकडे जायचे, गिऱ्हाइकाच्या घरी कोको वाटून द्यायचे आणि संध्याकाळी परत यायचे. बायॉनकरांना चव लागली, ते स्वतः शिकले, आणि 1761 मध्ये त्यांनी संघ काढून ज्यूंना त्यांच्याच धंद्यातून बाहेर काढायचा घाट घातला. हा प्रकार बोर्डोच्या न्यायालयाने 1767 मध्ये रद्द केला. नागरिकत्व मिळायला मात्र फ्रेंच राज्यक्रांती यावी लागली, 1790 साली. 1837 मध्ये बांधलेलं सिनेगॉग आजही इथे उभं आहे.

हे डोक्यात ठेवून मग पुलावर या. अदूर इथे चांगली रुंद आहे, आणि पूल संपतो तिथेच उजवीकडे नीव नदी येऊन मिळते. दोन्ही नद्यांना भरती-ओहोटी जाणवते. सकाळी काठोकाठ असलेलं पाणी दुपारी खाली जाऊन चिखल उघडा पडलेला असू शकतो. ‘नदीकाठचं रमणीय शहर’ या वर्णनात हा चिखल बसत नाही, पण या शहराचं पोट त्याच पाण्यावर होतं. मध्ययुगात अदूरचं मुख वाळूने बुजत गेलं आणि नदी किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकत कितीतरी लांब जाऊन समुद्राला मिळू लागली. बंदराला उतरती कळा लागली. शेवटी लुई द फ्वा या अभियंत्याने बांध घालून 1578 च्या ऑक्टोबरात नदीला पुन्हा जवळच्या समुद्राकडे वळवलं. या एका कामाने बायॉन वाचलं. कॅथेड्रलला भरपूर फोटो मिळतात, लुई द फ्वाला गाइडचं एक वाक्यही मिळत नाही!

पुढचं ग्राँ बायॉन, म्हणजे कॅथेड्रलचा जुना भाग, सगळ्यांना माहीत असतं, म्हणून भराभर सांगतो. पोर-नफ नावाच्या रस्त्याच्या जागी एके काळी कालवा होता. आता कमानींखाली चॉकलेटची दुकानं आहेत. त्यातलं काझनाव्ह 1854 पासूनचं. तिथे हाताने घुसळून फेस आणलेलं गरम चॉकलेट मिळतं, सोबत लोणी लावलेला टोस्ट. महाग आहे. तरी घ्या. फक्त पूल ओलांडून आल्यावर घ्या. आधी घेतलंत तर ते नुसतं गोड पेय.

कॅथेड्रल तेराव्या शतकातली, तिचे टोकदार मनोरे मात्र एकोणिसाव्या शतकातले. आत गेलात तर मान वर करून छताच्या कमानी जिथे जुळतात तिथले दगड बघा. काहींवर इंग्लंडचे सिंह कोरलेत. बाराव्या शतकापासून 1451 पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षं, हे शहर इंग्लंडच्या राजाचं होतं, आणि व्यापारामुळे इथल्या लोकांचं त्यात फारसं काही बिघडत नव्हतं. शेजारच्या दगडी ओवऱ्यांतही जरूर जा. वोबाँ या लष्करी अभियंत्याची तटबंदी आहे, तिच्या पायथ्याशी हिरवळ आहे; पाय दुखत असतील तर बसा, नाहीतर पुढे चला.

नीवच्या काठावर मात्र रेंगाळा. अरुंद, उंच, एकमेकांना खेटलेली घरं, लाकडाच्या उघड्या चौकटी, गडद लाल आणि हिरव्या झडपा. काठावरच मंडई आहे. शाकाहारी असाल तर हॅमच्या ठेल्यांवरून नजर फिरवून पुढे जा. खात असाल तर बायॉन हॅम इथेच चाखा: अदूरच्या खोऱ्यातलं मीठ लावून किमान सात महिने मुरवलेलं. ईस्टरच्या सुमाराला भरणारी हॅमची जत्रा 1462 पासूनची आहे. शेजारी एस्पलेत या बास्क गावच्या लाल मिरच्यांच्या माळा आणि पूड दिसेल. विक्रेता ‘जपून’ म्हणतो. ठेचा खाऊन वाढलेल्या माणसाने चेहरा गंभीर ठेवून मान डोलवावी. तिखट म्हणून ती मिरची काहीच नाही. वास मात्र सुंदर आहे, अंड्यावर भुरभुरायला उत्तम.

नीव ओलांडली की पती बायॉन, म्हणजे ‘धाकटं’ बायॉन. इथे बास्क संग्रहालय आहे. ते बघायला दोन तास लागतात, म्हणजे टूरवाल्यांचं अख्खं बायॉन तिथेच संपलं. बाहेर बार, विद्यार्थी आणि भिंतींवर राजकीय पोस्टर्स. 25 सप्टेंबर 1985 ला याच गल्ल्यांतल्या मोंबार हॉटेलात भाडोत्री मारेकऱ्यांनी चार बास्क निर्वासितांना गोळ्या घातल्या. ते बास्क स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या ‘एटा’ या सशस्त्र संघटनेचे होते, आणि मारेकरी पाठवणाऱ्या गुप्त टोळीचे धागे पुढे स्पेनच्या सरकारी यंत्रणेपर्यंत पोहोचले. 8 एप्रिल 2017 ला याच शहरात ‘एटा’च्या शस्त्रसाठ्यांची यादी सुपूर्द झाली, तीही सामान्य नागरिकांनी मध्यस्थी करून. फोटोंतल्या त्या सुंदर झडपांमागे हेही आहे.

रस्त्यांच्या पाट्या तीन भाषांत दिसतील: फ्रेंच, बास्क आणि या भागातली जुनी बोली गास्कोन. बायॉनच्या बाजारात शतकानुशतकं गास्कोन चालायची. ती आज जवळजवळ पाटीपुरतीच उरली आहे. बास्कचं तसं झालं नाही, कारण लोकांनी 1969 पासून स्वतःच्या बास्क माध्यमाच्या शाळा काढल्या. 2021 च्या मे महिन्यात फ्रान्सच्या घटना परिषदेने सरकारी शाळांत प्रादेशिक भाषेच्या माध्यमातून शिकवण्याला नकार दिला, तेव्हा आठवड्याभरात बायॉनच्या रस्त्यांवर हजारो लोक उतरले. पाट्या लावण्याचं काम नगरपालिका करते. शाळा चालवायला पालक लागतात, आणि गास्कोनला ते मिळाले नाहीत असं मला वाटतं. मराठी शाळांच्या पटसंख्येवर हळहळणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा फरक नीट बघावा.

कधी जावं? जुलैतले उत्सवाचे दिवस टाळा. तेव्हा पाच दिवस ‘फेत द बायॉन’ हा 1932 पासूनचा उत्सव असतो. सगळं शहर पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात लाल रुमाल, आणि गर्दी इतकी की मी वर सांगितलेलं काहीही बघता येत नाही. नाचायचं असेल तर जरूर त्याच आठवड्यात जा. पांढरे कपडे मात्र परत पांढरे होतील अशी आशा ठेवू नका. चालायचं असेल तर सप्टेंबर किंवा मे. सोमवारी संग्रहालय बहुधा बंद असतं, तेव्हा मंगळवार धरा. आणि टूरवाल्याने ‘दोन तास पुरतात’ म्हटलं, तर त्याला विचारा: सँतेस्प्रीत थांबणार आहात का?