क्षमा केली म्हणून मारेकरी सुटले नाहीत

कोल्हापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ग्लॅडिस स्टेन्स यांनी नवऱ्याच्या आणि मुलांच्या मारेकऱ्यांना माफ केलं, म्हणून ते सुटले, खऱ्या ख्रिस्ती माणसाने पोलिसांत जाऊ नये. हे साफ चुकीचं आहे.

जानेवारी 1999 मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला ग्लॅडिस यांचे पती, ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, 10 वर्षांचा फिलिप आणि 6 वर्षांचा टिमोथी, गाडीत झोपले होते. जमावाने ती गाडी पेटवली. ग्लॅडिस यांनी माफ केलं, पण खटला थांबला नाही. मुख्य आरोपी दारासिंगला 2003 मध्ये फाशी सुनावली गेली. 2005 मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली आणि 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. दुसरा दोषी महेंद्र हेम्ब्रम 2025 मध्ये बाहेर आला, तो अनेक वर्षं शिक्षा भोगून, तुरुंगातल्या चांगल्या वर्तणुकीमुळे.

ग्लॅडिस यांनी सोडला तो सूड. घरातली तीन माणसं गेल्यावरही त्या आपल्या मुलीसह पुढची काही वर्षं ओडिशातल्या बारिपदातच राहिल्या, कुष्ठरुग्णांची सेवा करत. मला त्यांची क्षमा खरी दिसते ती इथे.

बायबलही हेच सांगतं. रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या 12व्या अध्यायात सूड देवावर सोपवा, वैरी भुकेला असेल तर त्याला जेवू घाला, असं आहे. लगेच 13व्यात गुन्हेगाराला शासन करणं हे अधिकाऱ्यांचं काम म्हटलंय.

त्यामुळे घरात मार खाणाऱ्या बाईला ‘क्षमा कर, तक्रार मागे घे’ म्हणत कुणी हा मेसेज पाठवू नये. तो आला तर त्याखाली हा खुलासा जरूर टाका.